राज्य गेलं, साहेबाच्या नोकरीची भरपाई कोणी दिली? आणि कोणत्या हिशेबाने?

जुनीफाईल (धागाकर्ता)

१९४७च्या सत्तांतरावर आपल्याकडे भरपूर लिहिलं गेलंय. फाळणी, संस्थानं, सैन्याची आणि तिजोरीची वाटणी, सगळं. एक विषय मात्र तळटिपेच्या वर कधी येत नाही. ज्या ब्रिटिश अधिकाऱ्यांची नोकरी अजून दहा-पंधरा वर्षं चालायची होती, त्यांचं काय केलं? पैसे दिले का, किती, आणि ते कोणाच्या खिशातून गेले? हाच प्रश्न पुढे घाना, नायजेरिया, टांगानिका (आजच्या टांझानियाचा मुख्य भाग), केनिया, थेट हाँगकाँगपर्यंत पुन्हा पुन्हा आला. दर वेळी मागच्या वेळचा तक्ता काढून त्यात फेरफार केले गेले. त्या सगळ्याची एकत्र चर्चा व्हावी म्हणून हा धागा.

सुरुवात मालक कोण इथून करायला हवी. आय.सी.एस. (इंडियन सिव्हिल सर्व्हिस), इंडियन पोलीस आणि आणखी काही सेवांमधल्या नेमणुका दिल्लीतून होत नसत. त्या लंडनला भारतमंत्री, म्हणजे ब्रिटिश सरकारातले भारताचा कारभार पाहणारे मंत्री, करत आणि अधिकाऱ्याचा करारनामाही त्यांच्याशीच असे. १५ ऑगस्टला भारतमंत्री हे पदच उरणार नव्हतं. अधिकाऱ्याचं म्हणणं सरळ होतं: माझं काम शिल्लक असेलही, पण ज्याने मला शब्द दिला तो मालक राहिला नाही.

पैशाचे दोन ढीग शेवटपर्यंत वेगळे ठेवा. पेन्शन हे झालेल्या नोकरीचं देणं. भरपाई ही न झालेल्या नोकरीची. या विषयावरचे निम्मे वाद हे दोन ढीग एकमेकांत मिसळल्यामुळे होतात.

जानेवारी १९४७मध्ये आर्थर हेंडरसन हे ब्रिटिश उपमंत्री याच बोलण्यांसाठी दिल्लीला आले. गृहखातं वल्लभभाई पटेलांकडे होतं. त्यांची भूमिका स्वच्छ होती. पेन्शन आम्ही देऊ, ते कमावलेलं आहे. भरपाई कशाची? आम्ही कोणाला काढत नाही. ज्याला राहायचंय त्याने त्याच पगारावर राहावं. ज्याला आपणहून जायचंय त्याला लंडनने द्यायचं असेल तर लंडनच्या तिजोरीतून द्यावं. शेवटी ठरलं ते याच रेषेवर. ३० एप्रिल १९४७ रोजी पंतप्रधान ॲटलींनी पार्लमेंटमध्ये जाहीर केलं की भरपाई ब्रिटन देईल. पेन्शनची जबाबदारी भारताने मान्य केली होतीच.

माझ्या मते पटेलांनी त्या वर्षी केलेल्या अनेक सौद्यांपैकी हा एक चोख सौदा होता. पुढे आफ्रिकेतल्या नव्या सरकारांना असा सौदा मिळाला नाही. का मिळाला नाही, त्यावर जाणकारांनी लिहावं.

---

कोषागार

पेन्शनच्या ढिगाबद्दल थोडी भर घालतो, कारण त्यातली रक्कम भरपाईपेक्षा कितीतरी मोठी होती.

आय.सी.एस.चं पेन्शन हुद्द्यावर अवलंबून नव्हतं. २५ वर्षांची सेवा, त्यातली २१ प्रत्यक्ष कामाची, की वर्षाला १,००० पौंड. जिल्हाधिकारी म्हणून निवृत्त व्हा नाहीतर सचिवालयातल्या सर्वात वरच्या खुर्चीवरून, आकडा तोच. २५ वर्षं भरण्याआधी जाणाऱ्यासाठी 'प्रमाणशीर पेन्शन'. ही सवलत १९४७ची नव्हे, त्याच्या पाव शतक आधीची. १९१९च्या सुधारणांनंतर काही खाती भारतीय मंत्र्यांकडे गेली. मंत्र्यांच्या हाताखाली काम नको असलेल्या अधिकाऱ्यांना मुदतीआधी जाण्याची वाट करून दिली ती तेव्हा. म्हणजे १९४७ला सगळं नव्याने शोधावं लागलं नाही, अर्धा सांगाडा तयार होता.

आता पैसे पोचवायचे कसे? पेन्शनर चेल्टनहॅम नाहीतर बेडफर्डमध्ये राहणार, देणी पौंडात. भारताच्या हातात पौंड होते ते लंडनमध्ये अडकलेल्या युद्धकाळातल्या स्टर्लिंग शिलकीच्या, म्हणजे ब्रिटन भारताला देणं लागत असलेल्या पौंडांच्या, रूपात. जुलै १९४८च्या करारात भारताने त्याच शिलकीतून सुमारे १६.८ कोटी पौंड देऊन ब्रिटनकडून वार्षिकी, म्हणजे दर वर्षी ठरलेली रक्कम मिळण्याचा हक्क, विकत घेतली. त्यातले १४.७५ कोटी केंद्राच्या पेन्शनांसाठी, २.०५ कोटी प्रांतांच्या. पहिल्या वर्षांत सुमारे ६३ लाख पौंड मिळणार आणि तो आकडा उतरत उतरत ६० वर्षांत शून्यावर येणार. उतरता का, ते उघड आहे. नवे पेन्शनर येणार नाहीत, आहेत ते वयाने कमी होत जाणार. १ एप्रिल १९५५पासून ही पेन्शनं वाटण्याची जबाबदारीच ब्रिटनने स्वतःकडे घेतली.

फायदा कुठे दिसला? ६ जून १९६६ला रुपयाचं अवमूल्यन झालं. पौंडातली पेन्शनं भारत दर महिन्याला भरत असता तर रुपयांतला बोजा एका रात्रीत वाढला असता. तसं झालं नाही, कारण ते देणं १८ वर्षांपूर्वीच पौंडात चुकतं केलेलं होतं.

---

मधुमालती

छान धागा. जुनीफाईल, एक शंका. भारतीय आय.सी.एस. अधिकाऱ्यांचा करारही भारतमंत्र्यांशीच होता ना? मग मालक गेल्याची भरपाई त्यांना का नाही? नियम गोऱ्या-काळ्याचा होता की राहणाऱ्या-जाणाऱ्याचा?

---

जुनीफाईल

@मधुमालती, प्रश्न अगदी वर्मावर आहे. लंडनमध्येही तो उपस्थित झाला होता, कारण करारनामा एकच असताना वंशावरून भेद करणं अवघड होतं. पटेलांनी त्याला ठाम विरोध केला. भारतीय अधिकाऱ्याला स्वतःच्या देशाच्या स्वातंत्र्याबद्दल भरपाई देणं त्यांना मान्य नव्हतं. शिवाय भीती व्यावहारिक होती: रक्कम हातात पडली की अनुभवी माणसं नोकरी सोडतील, आणि नेमकी तीच माणसं फाळणीच्या वर्षात हवी होती.

त्यामुळे सर्वसाधारण नियम असा: युरोपीय अधिकाऱ्याला हक्क, भारतीय अधिकाऱ्याला नाही, पण अपवाद ठेवलेले. नव्या सरकारने ज्याला ठेवून घेण्याचं नाकारलं तो. ज्याला दिलेली जागा त्याच्या परिस्थितीत समाधानकारक नव्हती तो. आणि सत्तांतराआधी कर्तव्य बजावताना केलेल्या कामामुळे ज्याचं पुढचं भवितव्य बिघडलं असं दाखवता येईल तो. हा शेवटचा अपवाद १९४२ डोळ्यांपुढे ठेवून वाचा, म्हणजे कोणासाठी होता ते कळेल.

राहणाऱ्यांना पैशाऐवजी हमी मिळाली. इंडियन इंडिपेंडन्स ॲक्टच्या कलम १०मध्ये पगार, रजा, पेन्शन आणि शिस्तभंगाच्या बाबतीतले हक्क बदललेल्या परिस्थितीत शक्य तितके पूर्वीसारखे राहतील असं लिहिलं. तीच हमी पुढे राज्यघटनेच्या अनुच्छेद ३१४मध्ये आली. १० ऑक्टोबर १९४९ला संविधान सभेत त्यावर जोरदार टीका झाली, आणि पटेलांनी तितक्याच जोरात ती हमी उचलून धरली. दिलेला शब्द पाळायचा, ही त्यांची बाजू होती. १९७२च्या अठ्ठाविसाव्या घटनादुरुस्तीने ३१४ रद्द झालं आणि ३१२अ आलं.

कायद्याचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयात गेला तो १९५५च्या मद्रास राज्य विरुद्ध राजगोपालन या खटल्यात. न्यायालयाने म्हटलं की सत्तांतराबरोबर भारतमंत्र्यांच्या सेवेतले करार आपोआप संपले. राहिलेले लोक नव्या मालकाकडे नव्याने लागले, अटी मात्र जुन्याच. वर मी म्हटलं ना, मालकच उरला नाही? न्यायालयही तिथेच पोचलं.

---

बारानिशी

आफ्रिकेच्या बाजूने मी लिहितो, कारण खरा गणिती पेच तिथे आहे.

आधी साधं पेन्शन. वसाहतीच्या नोकरीत नेहमीचा हिशेब असा: सेवेच्या प्रत्येक पूर्ण महिन्याला शेवटच्या पेन्शनपात्र पगाराचा १/६०० भाग. समजा १८ वर्षं सेवा, म्हणजे २१६ महिने, आणि पगार २,००० पौंड. २१६ भागिले ६००, गुणिले २,०००, म्हणजे वर्षाला ७२० पौंड. यातला पाव भाग विकून, म्हणजे अंशराशीकरण करून, एकरकमी उपदान घेता येई. १८० पौंड सोडा, त्याच्या साडेबारा पट म्हणजे २,२५० रोख घ्या, आणि पुढे जन्मभर वर्षाला ५४० पौंड.

पदच रद्द झालं, तर जुन्या नियमात सोय होती: दर तीन पूर्ण वर्षांच्या सेवेला पगाराचा १/६० भाग पेन्शनमध्ये जादा, जास्तीत जास्त १०/६०. वरच्या माणसाला ६/६०, म्हणजे २०० पौंड वाढून ९२०. मग हाच नियम स्वातंत्र्याच्या वेळी का नाही लावला? कारण पद रद्द होत नव्हतं! जिल्हा अधिकाऱ्याची खुर्ची तिथेच होती, फक्त तिच्यावर आता स्थानिक माणूस बसणार होता. आणि अधिकाऱ्याला कोणी काढतही नव्हतं. त्यामुळे तिसरा प्रकार काढला गेला: एकरकमी भरपाई, जी नव्या सरकारने काढलं तरी मिळेल आणि अधिकारी नोटीस देऊन स्वतः गेला तरी मिळेल.

त्या रकमेचा तक्ता वय, सेवेची वर्षं आणि पगार यांवर. वय वाढतं तसा गुणक चढतो, चाळिशी-एक्केचाळिशीला शिखर, नंतर उतार. चढ-उताराचं कारण समजून घ्या. अठ्ठाविसाव्या वर्षी सुटलेला माणूस दुसरा व्यवसाय शिकू शकतो. त्रेपन्नाव्या वर्षी सुटलेल्याची नोकरी दोन वर्षांत संपणारच होती. खरा कचाट्यात सापडलेला तो चाळिशीतला: मुलं बोर्डिंगच्या शाळेत, स्वतःकडे विकायला आहे ते वीस वर्षांचं हौसा भाषेचं आणि जमीनमहसुलाचं ज्ञान, आणि लंडनमध्ये त्याला गिऱ्हाईक नाही. नायजेरियात ही रक्कम जास्तीत जास्त ९,००० पौंडांपर्यंत जाई. त्या काळात इंग्लंडमध्ये त्यात तीन-चार बरी घरं आली असती.

तक्ता न्याय्य होता. तोच घातकही ठरला.

---

मधुमालती

घातक कसा ते सोडवून सांगा ना बारानिशी.

---

बारानिशी

सांगतो. फक्त समजण्यापुरते आकडे धरू, प्रत्यक्ष तक्ता याहून गुंतागुंतीचा होता. ४१व्या वर्षी ९,००० मिळणार आहेत आणि त्यानंतर दर वर्षाला ५०० पौंडांनी रक्कम उतरते असं समजा. पगार २,०००. म्हणजे ४२वं वर्ष नोकरीत काढलं तर हातात खरे पडले १,५००. तेच काम, तोच ताप, वर राजकीय अनिश्चितता, आणि पगारात पाव कपात. ही कपात कोणी हुकूम काढून केलेली नाही, तक्त्यातच आहे.

आता याच माणसाच्या बायकोने कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला तर ती काय म्हणेल? आत्ताच निघू या. आणि हा ४१-४२चा माणूस म्हणजे कोण? वरिष्ठ जिल्हा अधिकारी, विभागीय अभियंता, नव्या माणसांना तयार करू शकणारा. तरुण अधिकारी थांबले, कारण त्यांची रक्कम अजून चढत होती. सर्वात जाणता थर मात्र आधी गळाला. पूर्व आणि पश्चिम नायजेरियाला अंतर्गत स्वराज्य ऑगस्ट १९५७मध्ये मिळालं आणि तिथे ही गळती लगेच दिसली. उत्तरेला ते मार्च १९५९मध्ये मिळालं. तिथे चित्र थोडं वेगळं राहिलं, कारण उत्तरेकडच्या नेत्यांना दक्षिणी नायजेरियन माणसापेक्षा काही काळ ब्रिटिश अधिकारी चालणार होता.

लोक याला लोभ म्हणतात. मला ते पटत नाही. ज्याने तक्ता आखला त्याने प्रत्येक वर्षाचा उतार कुटुंबाच्या दृष्टीने तपासला नाही, दोष तिथे आहे.

---

सेवापुस्तक

वरच्या मुद्द्याला धरून: दुरुस्ती दोनदा झाली. पहिली फसली, दुसरी अर्धीमुर्धी चालली.

१९५४मध्ये कलोनिअल सर्व्हिसचं नाव बदलून हर मॅजेस्टीज ओव्हरसीज सिव्हिल सर्व्हिस केलं. नुसत्या पाटीने कोणाला धीर येणार? १९५६मध्ये 'स्पेशल लिस्ट' काढली. या यादीतला अधिकारी ब्रिटिश सरकारचा नोकर मानला जाईल, नव्या सरकारकडे उसना दिला जाईल, आणि तिथली नोकरी गेली तर दुसरी जागा शोधेपर्यंत लंडन त्याला सांभाळेल, गरज पडल्यास पाच वर्षांपर्यंत पूर्ण पगारावर. कागदावर उत्तम. पण यादीत जायचं म्हणजे एकरकमी भरपाईवर पाणी सोडायचं. नायजेरियातल्या अधिकाऱ्यांनी हातातला एक पक्षी बरा मानला आणि फारच थोडे यादीत गेले. दुसरी जागा शोधून देऊ म्हणता, पण साम्राज्यच आटत चाललेलं असताना त्या जागा असणार कुठे, हा त्यांचा सवाल होता आणि त्याला कोणाकडे उत्तर नव्हतं.

१९५८मध्ये 'स्पेशल लिस्ट बी'. इथे मात्र बारानिशींनी दाखवलेल्या उतारावरच बोट ठेवलं. दोन गोष्टी केल्या. भरपाईची रक्कम शिखरावर असेल तिथेच गोठवायची, म्हणजे पुढे थांबल्याने ती उतरणार नाही. आणि त्या रकमेच्या ९० टक्क्यांपर्यंत बिनव्याजी उचल आत्ताच द्यायची. पैसा हातात आला, घर घेता आलं, आणि नोकरीही चालू राहिली. थांबण्याचा दंड गेला. उशीर मात्र झाला होता. १ ऑक्टोबर १९६०ला स्वातंत्र्य आलं तोवर पुष्कळ जण बोटीत बसले होते.

पूर्व आफ्रिकेत या धड्यावरून भरपाई हप्त्यांनी देण्याची पद्धत लावली. नोकरीत असतानाच हप्ते मिळायला लागले की 'सगळी रक्कम घ्यायची तर निघावंच लागेल' ही सक्ती उरत नाही.

---

किलिमांजारो_उतार

पैसे देणाराच्या बाजूने कोणी बोललं नाही, म्हणून मी.

भारताच्या बाबतीत भरपाई ब्रिटनने भरली. आफ्रिकेत सुरुवातीला ती वसाहतीच्याच अंगावर होती. जुनीफाईलांनी विचारलं की तसा सौदा यांना का नाही मिळाला. उत्तर बरंचसं तिजोरीत आहे. भारताचे शेकडो कोटी रुपयांचे पौंड लंडनकडे अडकलेले होते, त्यामुळे बोलणीत वजन होतं. टांगानिकाच्या बोलण्याला मागे तसं काही नव्हतं.

१ एप्रिल १९६१पासून ओव्हरसीज सर्व्हिस एड स्कीम लागू झाली. त्यात ब्रिटनने परदेशी अधिकाऱ्याचा आकर्षण-भत्ता (बाहेरून माणूस यावा म्हणून पगारावर दिलेली जादा रक्कम) आणि मुलांच्या शिक्षणाचा भत्ता उचलला, येण्या-जाण्याच्या भाड्याचा निम्मा भाग आणि भरपाईचा निम्मा भागही. उरलेली निम्मी भरपाई नव्या सरकारची. त्याच्याकडे रोख नसली तर ब्रिटनच कर्ज देई. कर्ज काढायचं ते रस्त्यासाठी नाही, धरणासाठी नाही. निघालेल्या अधिकाऱ्याला निरोप देण्यासाठी, आणि त्याची फेड शेतकऱ्याच्या करातून. टांगानिका ९ डिसेंबर १९६१ला स्वतंत्र झाला. त्या वर्षीच्या बोलण्यांत टांगानिकाचे नेते न्येरेरे यांचा आक्षेप हाच होता की मदत म्हणून दाखवलेल्या पैशातला मोठा वाटा भरपाई आणि पेन्शनमधून पुन्हा ब्रिटनलाच जातो.

१९६८मध्ये टांझानियाने स्वातंत्र्यापूर्वीच्या सेवेची पेन्शनं यापुढे देणार नाही असं जाहीर केलं. ब्रिटनने मदत थांबवली. मधल्यामध्ये लटकले ते पेन्शनर. या पेचातून बोध घेऊन १९७०मध्ये ब्रिटनने धोरण बदललं: स्वातंत्र्यापूर्वीच्या सेवेच्या पेन्शनची जबाबदारी संबंधित देशांशी करार करून आपल्याकडे घ्यायची. १९७३च्या ओव्हरसीज पेन्शन्स ॲक्टने त्याला कायद्याचं रूप आलं. भारताने १९४८ला जे पैसे मोजून सोडवून घेतलं, ते या देशांच्या बाबतीत व्हायला पंचवीस वर्षं लागली.

---

कोषागार

@किलिमांजारो_उतार, मुद्दा मान्य. एक बाजू फक्त जोडतो. अधिकाऱ्याने करार केला तेव्हा त्याला कोणी सांगितलं नव्हतं की तुझं पेन्शन उद्या कोणत्या सरकारच्या मर्जीवर असेल. वसाहतीच्या तिजोरीतून पगार आणि लंडनमधून नेमणूक, अशी दोन डगरींवरची व्यवस्था लंडनने आपल्या सोयीसाठी केली होती. पगाराचा खर्च वसाहतीवर, अधिकार मात्र आपला. तेव्हा बिलाची वेळ आल्यावर निम्मं तरी लंडनने उचलायलाच हवं होतं, आणि खरं तर सगळंच.

---

मांडवीकाठ

या धाग्यात आपली माणसंही येतात, त्यांच्याबद्दल लिहिते.

नैरोबी, कंपाला, दार-ए-सलाम इथल्या सरकारी कचेऱ्यांत कारकुनी, लेखा, जकात, रेल्वे आणि पोस्टाचं काम मोठ्या प्रमाणावर गोवेकर, गुजराती आणि इतर भारतीय माणसं करत होती. त्यांत गोवेकर कारकून तर कचेरीचा कणाच. हे लोकही परक्या मुलखात होते, आफ्रिकीकरणात त्यांच्याही खुर्च्या जाणार होत्या. पण भरपाईच्या योजनेत कळीचा शब्द होता 'डेझिग्नेटेड'. ठरावीक पद्धतीने बाहेरून भरती झालेला, लंडनने मान्य केलेला अधिकारी तो डेझिग्नेटेड. आकर्षण-भत्ता, शाळेचा भत्ता, भरपाईचा मोठा तक्ता, सगळं त्या शिक्क्याला चिकटलेलं. नैरोबीतच भरती झालेल्या बहुतेक आशियाई कर्मचाऱ्यांकडे तो शिक्का नव्हता. एकाच खोलीत समोरासमोर बसणाऱ्या दोघांपैकी एकाला तक्ता लागू, दुसऱ्याला साधं पेन्शन. म्हणून कोणी जुनी सेवाविषयक कागदपत्रं वाचत असेल तर हुद्दा नंतर पाहा, आधी भरतीचं ठिकाण आणि नेमणूक करणारा अधिकारी पाहा. तिथेच निकाल लागलेला असतो.

गोव्याचं स्वतःचं प्रकरण उलट्या बाजूचं. १९ डिसेंबर १९६१नंतर पोर्तुगीज राजवटीतले स्थानिक कर्मचारी जागेवरच राहिले. प्रश्न भरपाईचा नव्हता, सामावून घेण्याचा होता: पोर्तुगीज श्रेणीतलं कोणतं पद भारतीय श्रेणीतल्या कोणत्या पदाच्या बरोबरीचं, जुनी सेवा कशी मोजायची, ज्येष्ठता कुठून धरायची. त्यासाठी संसदेने १९६५मध्ये गोवा, दमण आणि दीव (सामावून घेतलेले कर्मचारी) अधिनियम केला. पदांची बरोबरी हेच अशा कामातलं सर्वात चिवट दुखणं. पगार जुळवता येतो, पण दोन वेगळ्या व्यवस्थांतल्या माणसांची एकच ज्येष्ठता यादी लावताना कोणीतरी खाली जातोच.

पोर्तुगालने स्वतःच्या बाबतीत हीच वाट मोठ्या प्रमाणावर १९७५मध्ये धरली. अंगोला, मोझांबिकमधून परतणाऱ्या सरकारी नोकरांसाठी 'आदिदुश', म्हणजे जोडून घेतलेल्यांची एक सर्वसाधारण आस्थापना तयार केली. आधी त्या यादीत दाखल व्हायचं, मग जागा निघेल तसं देशातल्या खात्यांत जायचं.

---

सेवापुस्तक

मांडवीकाठ, फार मोलाचा प्रतिसाद. सामावून घेण्याच्या वाटेची दुसरी बाजू काँगोत दिसते.

बेल्जियमने स्वातंत्र्याआधी कायदा करून आपल्या वसाहती कर्मचाऱ्यांना मायदेशाच्या प्रशासनात सामावून घेण्याची हमी दिली. हेतू असा की माणूस निर्धास्त होऊन काँगोत थांबेल. ३० जून १९६०ला स्वातंत्र्य, ५ जुलैला सैनिकांचं बंड. त्या दिवसांत ब्रुसेल्सने, परत या, नोकरीची हमी आहे, असं सांगितल्यावर जवळपास दहा हजार बेल्जियन कर्मचाऱ्यांपैकी बहुसंख्य काही आठवड्यांत निघून गेले. आणि वरच्या प्रशासनात काँगोली माणसं जवळजवळ तयारच केलेली नव्हती. कचेऱ्या ओस पडल्या. बंडामुळे निघालेच असते असं कोणी म्हणेल, पण घरी खुर्ची राखून ठेवली आहे हे माहीत असताना निघणं कितीतरी सोपं होतं. नायजेरियात रकमेने ओढलं, काँगोत हमीने ओढलं. कोणतीही योजना तपासताना मी एकच प्रश्न विचारतो: यात आणखी एक वर्ष थांबणाऱ्याला काय मिळतं?

---

बारानिशी

डच इंडोनेशियाचं थोडक्यात. १९४९च्या हेगच्या गोलमेज परिषदेत डच अधिकाऱ्यांना काही काळ आहे त्या अटींवर ठेवण्याचं ठरलं, आणि १९५०मध्ये डच सरकारने त्यांच्यासाठी हमीचा कायदा केला. पण एक देणं कोणीच स्वीकारलं नाही: १९४२ ते १९४५ या काळात जपानी छावण्यांत असलेल्या सरकारी नोकरांचा आणि सैनिकांचा थकलेला पगार. हेग म्हणे हे वसाहत सरकारचं देणं, ते आता इंडोनेशियाकडे. इंडोनेशिया म्हणे आमचा काय संबंध. २०१५मध्ये डच सरकारने प्रत्येकी २५,००० युरो मान्य केले, तेही त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला हयात असलेल्यांनाच. सत्तर वर्षं. देणं कोणाकडे जातं हे सत्तांतराच्या करारात नाव घेऊन लिहिलं नाही की असं होतं.

---

मधुमालती

आणि हाँगकाँग? तिथे तर १९९७पर्यंत वेळ होता. आधीच्या चुका टाळल्या का?

---

कोषागार

बऱ्याच टाळल्या, कारण तारीख तेरा वर्षं आधी माहीत होती. १९८४च्या संयुक्त जाहीरनाम्यातच नोकरीत राहणाऱ्यांचा पगार आणि पेन्शन आधीपेक्षा कमी होणार नाही असं लिहिलेलं होतं. पेन्शन कोण देणार हा प्रश्न त्यामुळे खुला नव्हता. भीती उरली ती चलनाची. पेन्शन हाँगकाँग डॉलरमध्ये, माणूस इंग्लंडमध्ये. डॉलर कोसळला तर?

त्यावर १९९६च्या ब्रिटिश कायद्याने उपाय काढला. पात्र अधिकाऱ्याचं एक नाममात्र पौंडातलं पेन्शन ठरवून ठेवायचं. प्रत्यक्ष हाँगकाँगहून आलेली रक्कम पौंडात बदलल्यावर त्या पातळीच्या खाली गेली, तर तेवढा फरक ब्रिटन भरेल. वर गेली तर नफा पेन्शनरचा. ब्रिटनला आगाऊ काही मोजावं लागलं नाही आणि पेन्शनरला रोजचा विनिमय दर पाहत बसावं लागलं नाही. त्याच कायद्यात भरपाईचीही तरतूद होती. ओव्हरसीज सिव्हिल सर्व्हिसही १९९७लाच गुंडाळली गेली.

मधुमालती, हा हिशेब कागदावर मांडून पाहायचा असेल तर तीन रकाने करा: ठरलेली पौंडाची पातळी, त्या महिन्याचा दर, प्रत्यक्ष जमा. पहिल्यातून तिसरा वजा केला आणि उत्तर शून्याच्या वर आलं, तर तेवढीच लंडनची त्या महिन्याची देणी.